ऐन कोणता आणि किंजळ कोणता?

खेड्यातल्या माणसाला झाडांची नावे शिकवावी लागत नाहीत, असा एक समज शहरवासीयांत रूढ आहे. तो खरा असता तर फार बरे झाले असते. आंबा, फणस, काजू, चिंच, नारळ ही परसातली झाडे लहान मूलही सांगते. परंतु शेताचा बांध ओलांडून रानात पाऊल टाकले की, पुष्कळांचे ज्ञान "जंगली झाड" या दोन शब्दांपाशी येऊन थांबते. नवल असे की, ज्या घरात आपण निजतो त्याचे खांब, तुळ्या आणि आढे बहुधा याच "जंगली" झाडांचे असतात. घराच्या नळ्यांची संख्या आपल्याला ठाऊक असते, पण त्या नळ्यांचा भार ज्याच्या खांद्यावर आहे त्याचे नाव मात्र ठाऊक नसते.

आमचा मुलूख खानापूर तालुक्याचा. कणकुंबीच्या डोंगरात मलप्रभा उगम पावते आणि तेथून खाली उतरताना रानाचे रूप मैलामैलाला पालटते. अगदी घाटमाथ्यावर सदाहरित दाट झाडी आणि पूर्वेकडे सरकावे तसतसे पानगळीचे रान लागते. या पानगळीच्या रानातला खरा गृहस्थ म्हणजे ऐन. सागाचा बोलबाला मोठा, शिसवीचा मान मोठा, पण गरिबाचे घर उभे राहिले ते ऐनावर. कानडी शेजारी त्याला मत्ती म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडची मंडळी साज म्हणून ओळखतात, तेलुगू मुलखात तो नल्ल मद्दी होतो. शास्त्रीय नाव टर्मिनालिया एलिप्टिका. जुन्या पुस्तकांत टर्मिनालिया टोमेंटोसा असेही आढळेल, झाड तेच. घरोघरी खोकल्यावर उगाळला जाणारा हिरडा, तसाच बेहडा आणि नदीकाठचा अर्जुन, हे सारे याच कुळीतले भाऊबंद. लॅटिन भाषेत टर्मिनस म्हणजे शेवट. या झाडांची पाने डहाळीच्या शेंड्याकडे दाटीने येतात, म्हणून कुळीला हे नाव पडले. नावातच ओळखीची पहिली खूण सांगून ठेवलेली आहे, ही त्या नाव ठेवणाऱ्यांची चतुराई म्हणावयाची!

मला ऐन दाखविला तो माझ्या मामांनी. मामा सुतार होते. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांची आढी त्यांनी चढविली. रानात शिरले की ते प्रथम झाडाकडे न पाहता जमिनीकडे पाहात. मी विचारले, "मामा, झाड वर आणि तुम्ही खाली काय पाहता?" ते म्हणाले, "अरे, वरची पाने तीस हात उंच. तुझ्या हाताला येतात का? झाडाने आपले नावगाव खाली टाकून ठेवले आहे, ते आधी वाच." मग ते वाकून एक वाळके पान आणि एक फळ उचलीत, पान उलटे करीत आणि देठापाशी अंगठा फिरवीत. त्यानंतर खोडाशी जाऊन सालीवर तळहात ठेवीत. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

ऐनाचे पान वीतभर लांब, लंबगोल आणि चामड्यासारखे जाड असते. फांदीवर ती जवळजवळ समोरासमोर येतात, पण नेमकी समोरासमोर नव्हे. एक किंचित पुढे, एक किंचित मागे. शेंड्याकडची तर आळीपाळीने येतात. साग आणि नाणा यांची पाने अशी डळमळीत नसतात, ती बरोबर समोरासमोर जोडीने बसतात. ऐनाचे पान उलटे करून मधल्या शिरेच्या तळाशी, देठाच्या अगदी वर पाहावे. तेथे दोन बारीक गाठी चामखिळीसारख्या उठून आलेल्या दिसतात. डोळ्यांना न दिसल्या तर बोटाला लागतात. मामा अंगठा फिरवीत तो याच गाठींसाठी. मात्र एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. अशा गाठी किंजळाच्या पानालाही असतात. तेव्हा गाठी सापडल्या म्हणजे झाड सागाचे, नाण्याचे वा शिसवीचे नव्हे, एवढे ठरले. ऐन की किंजळ हा निवाडा त्यांच्यावरून होत नाही. अर्धी माहिती असलेले पुष्कळजण याच ठिकाणी घसरतात.

साल ही ऐनाची खरी सही. जुन्या ऐनाची साल काळपट करडी आणि अतिशय जाड. तिला उभ्या खोल भेगा पडतात आणि त्यांना आडव्या भेगा छेदतात, त्यामुळे सारे खोड चौकोनी ढलप्यांनी मढविल्यासारखे दिसते. सुसरीची पाठ ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगावयास नको. इंग्रजीत या झाडाला सुसरीच्या सालीचे झाड असेच म्हणतात. ही जाड साल शोभेसाठी नाही. पानगळीच्या रानात उन्हाळ्यात वणवा पेटतो, खालचे गवत आणि पाचोळा जळून जातो; पातळ सालीची कोवळी झाडे करपतात आणि ऐन तेवढा बुंध्याला काजळी लावून उभा राहतो. किंजळाची सालही काळपट आणि खरखरीत असते, पण तिच्या भेगा उथळ, आणि ती ऐनासारखी रेखीव चौकटींत फुटत नाही. अर्जुनाचे तर सारेच निराळे. पांढुरकी, गुळगुळीत साल, तिचे पातळ पापुद्रे सुटतात आणि खाली ताजा फिकट रंग दिसतो. नाण्याचे खोड त्याहूनही उजळ, कागदासारखे लांब पापुद्रे टाकणारे. चांदण्या रात्री रानातून जाताना दचकविणारे पांढरे खोड बहुधा नाण्याचे असते. आमच्या लहानपणी त्यावर भुतांच्या किती गोष्टी रचल्या गेल्या, त्या येथे नकोत.

सालीवरही पूर्ण भिस्त ठेवू नये. कोवळ्या ऐनाला या चौकटी नसतात. त्या वयाबरोबर येतात. उलट टेंभुर्णीची साल काळी आणि अशीच चौकोनी फुटलेली असते, आणि केवळ खोड पाहून भले भले फसतात. वर पाहिले, पिवळी गोड फळे किंवा त्यांच्या बुडाशी चिकटलेल्या वाळक्या पाकळ्यांच्या टोप्या खाली सापडल्या, म्हणजे उलगडा होतो. मोहाची सालही भेगाळलेली. पण मोहाचे पान तोडले की पांढरा चीक येतो. ऐनाला चीक नाही.

नावांचा घोटाळा तर याहून मोठा आहे. ऐनाला काही भागांत असाणा किंवा आसन म्हणतात, आणि बिबळ्यालाही असन म्हणतात. दोघांत काडीचे साम्य नाही. बिबळ्याचे पान संयुक्त, एका देठावर पाच ते सात पर्णिका, प्रत्येक पर्णिकेचे टोक किंचित खाचलेले. सालीवर कोयत्याचा घाव बसला की रक्तासारखा तांबडा डिंक पाझरतो. बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवले तर सकाळी त्यावर निळसर झाक दिसते, हे आजीबाईंना ठाऊक असते. शिसवीचे पानही संयुक्तच, पण पर्णिका रुंद व गोलसर, आणि घावातून तांबडा डिंक नाही. शिसवीची ओळख आता केवळ कौतुकाची बाब राहिलेली नाही. तिच्या साऱ्या कुळीच्या लाकडाचा देशोदेशींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने २०१७ च्या जानेवारीपासून नियंत्रणाखाली आणला आहे. इतकी ती दुर्मिळ होत चालली आहे.

निवाडा करते ते फळ. ऐन पावसाच्या तोंडाशी फुलतो, फुले मळकट पांढरी, तुऱ्यांत येतात. फळ माघ-फाल्गुनापासून पिकू लागते. ते सुमारे दीड-दोन इंच लांब, सुकल्यावर तपकिरी, आणि त्याला उभे पाच रुंद पंख असतात. आडवे कापले तर पाच टोकांची चांदणी दिसते. अर्जुनाचे फळही पाच पंखांचे. पण त्याचे पंख अरुंद व कडक. किंजळाचे फळ मात्र लहानखुरे, आणि त्याचा एकच पंख मोठा, बाकी दोन नावापुरते. किंजळ पावसाळ्याच्या उतरणीला फुलतो आणि त्यानंतर त्याच्या फळांच्या घोसांनी साऱ्या माथ्याला गंजलेल्या लोखंडासारखा तांबूस रंग चढतो. त्या दिवसांत रेल्वेने लोंढ्याकडून गोव्याकडे उतरताना खिडकीतून पाहावे. कोणते झाड किंजळाचे, हे विचारण्याची पाळीच येत नाही.

हे सारे शिकण्यासाठी परदेशातून येऊन आयुष्य वेचणारी माणसेही झाली आणि त्यांत आपल्या धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे. स्वित्झर्लंडमधून आलेले येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर यांचे नाव मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहाला दिलेले आहे. त्यांच्या मागून, १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आले. खंडाळ्याच्या डोंगरावर पावसापाण्यात हिंडून त्यांनी तेथील वनस्पतींची जंत्री केली, ती १९५३ साली ग्रंथरूपाने निघाली. पुढे १९६६ साली सामान्य वाचकांसाठी आपल्या नेहमीच्या झाडांवरही पुस्तक लिहिले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली ते देवाघरी गेले. विद्वानांच्या पंक्तीत बसलेला हा माणूस साध्या झाडांवर साधे पुस्तक लिहावयास कमी मानीत नव्हता, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता या ओळखीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्याच घरात घडले.

माझा धाकटा भाऊ २०१७ साली वारला. भावजयीच्या पदरी दोन मुली, थोडी भातशेती आणि वडिलार्जित घर. घराचे आढे वाळवीने पोखरलेले. २०१९ सालचा ईस्टर उलटून चार दिवस झाले असतील. एक लाकूडव्यापारी घरी आला. शेताच्या बांधावर तीन मोठी झाडे होती, ती त्याने हेरली होती. मीही त्या दिवशी तेथेच होतो. तो नम्रपणे म्हणाला, "वहिनी, तीनही किंजळाची आहेत. किंजळाला आज कोण विचारतो? तरी तुमची अडचण म्हणून घेतो. तोडणी माझी, मोटार माझी, सरकारी कागद माझा. तुम्ही सही तेवढी करा." कागद त्याने तयारच आणला होता आणि त्यात किंजळ, नग तीन, असे लिहिलेले होते. भावजय माझ्याकडे पाहू लागली. पैशाची निकड होती. तिच्या डोळ्यांत ती दिसत होती.

थोरली पुतणी तेव्हा नववीत होती. लहानपणी ती मामांच्या मागे मागे रानात फिरलेली. ती काही न बोलता बांधाकडे गेली आणि थोड्या वेळाने ओंजळ भरून घेऊन आली. माझ्यापुढे हात धरून म्हणाली, "काका, किंजळाचे फळ एवढे मोठे असते का हो? आणि याला पाच पंख कसे?"

व्यापारी हसला. "पोरी, पंखाचे फळ ते. वाऱ्याने कुठूनही उडून येते. शेजारच्या रानातले असेल."

त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पंख असतात ते उडण्यासाठीच. म्हणून आम्ही सारेच बांधावर गेलो. एप्रिलचा शेवट; झाडे अजून निष्पर्ण होती, तेव्हा पानांची साक्ष मिळणार नव्हती. पुतणीने वर बोट दाखविले. पहिल्या दोन झाडांच्या उघड्या फांद्यांवर तपकिरी घोस अजून लोंबत होते आणि तेही पाच पंखांचेच होते. फांदीवर लोंबणारे फळ काही शेजारच्या रानातून उडून येत नाही! त्या दोघांची साल खोल चौकटींची, सुसरीच्या पाठीसारखी. तिसऱ्याकडे आल्यावर मात्र ती थांबली. तेथली साल उथळ भेगांची होती आणि खाली एकपंखी बारीक फळांचा खच पडला होता. ती म्हणाली, "आई, हे यांचे खरे आहे. हे किंजळच." तिच्या ज्ञानापेक्षा मला तिचा हा खरेपणा अधिक मोलाचा वाटला. वादात जिंकत असताना दुसऱ्याचे खरे मान्य करणे मोठ्या माणसांनाही सहज जमत नाही.

मी दोरीने घेर मोजला. छातीच्या उंचीवर दोन्ही ऐन सात फुटांवर भरले. ऐनाच्या लाकडाला किंजळापेक्षा भाव चांगला येतो, हे व्यापाऱ्याला आमच्याहून अधिक ठाऊक असणार. तो "बरे, पाहू" म्हणाला आणि चहा न घेताच निघून गेला. त्याचा कागद ओट्यावरच राहिला.

तो कागद मी नंतर वाचला. केवळ भावाचाच प्रश्न नव्हता. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या मालकीच्या जमिनीतले झाडही वृक्षाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. गोव्यातही १९८४ पासून तसाच कायदा आहे. अर्जात झाडाची जात लिहावी लागते आणि खाली सही मालकाची असते. कागदावर किंजळ आणि मोटारीत ऐन असे नाक्यावर आढळले, तर जाब सही करणाऱ्याला द्यावा लागेल. ज्या आयाबहिणी व्यवहारासाठी दुसऱ्यावर विसंबून असतात, त्यांनी असल्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी झाडाखाली जाऊन चार फळे तरी उचलावीत.

भावजयीने तीनही झाडे विकली नाहीत. तिने स्वतःच्या नावाने अर्ज केला, जाती बरोबर लिहिल्या आणि एकच ऐन मागितला. परवानगीला काही महिने लागले. त्या पावसाळ्यात आढ्याला तात्पुरता टेकू दिला. झाड २०२० च्या जानेवारीत पाडले. त्याचा गाभा गडद तपकिरी निघाला आणि त्यावर काळसर रेषा होत्या. मामा आता नाहीत. त्यांच्या मुलाने वाकस चालविला तेव्हा दर घावाला खणखणीत आवाज येत होता. मध्ये टाळेबंदीचे वर्ष गेले, लाकूड तेवढे अधिक वाळले. ऐन घाईने वाळविला तर चिरफाळतो, हे मामा नेहमी सांगत. आढे २०२१ च्या उन्हाळ्यात चढले. उरलेले लाकूड खपले आणि त्यात कौलांचा खर्च निघाला.

ऐन पाडताना एक चमत्कारिक गोष्ट कधी कधी दिसते, म्हणून सांगतो. काही ऐनांच्या खोडावर मोठी गाठ फुगलेली असते, आणि तिच्यावर घाव घातला तर आतून पाण्याची धार लागते. मार्च २०२४ मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी अशा एका झाडाला छेद दिला. तेथील कोंडा रेड्डी आदिवासींना हे गुपित आधीपासूनच ठाऊक होते. उन्हाळ्यासाठी झाड असे पाणी साठवून ठेवते. त्या पाण्याला उग्र वास व आंबूस चव असते. प्रत्येक ऐन असा भरलेला नसतो, तेव्हा आमच्या उत्साही तरुणांनी दिसेल त्या खोडावर कोयता चालवून पाहू नये.

आणि घरातली मुले झाडे ओळखावयास निघालीच, तर त्यांना एवढे जरूर सांगावे. ऐन तोडला तरी मरत नाही. पहिल्या पावसात त्याच्या थोटकातून फुटवे येतात. आमच्या बांधावरच्या थोटकाला आता पुरुषभर उंचीचे चार फुटवे आहेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर राबासाठी टहाळ तोडून तोडून खुजी केलेली झाडेही अशीच पुन्हा पुन्हा फुटतात. परंतु अशा फुटव्यांची पाने जुन्या झाडाच्या पानांपेक्षा पुष्कळ मोठी असतात, साल कोवळी व बिनभेगांची असते, आणि फळ तर वर्षानुवर्षे धरत नाही. त्यांच्यावरून ओळख ठरवू नये. जवळपासचा एखादा जुना वृक्ष शोधावा, त्याच्या बुंध्याशी बसावे आणि तेथला पाचोळा चाळून पाहावा.